थिएटरात ठेवलेला आंबा

आमच्या जुन्या थिएटरात आवाज पोचत नव्हता असं कोणी माझ्यासमोर म्हटलं, तर मी आजही त्याच्याशी भांडतो. बायको म्हणते, आता पुरे करा, लोक तुम्हाला बघून रस्ता बदलायला लागलेत. बदलू देत. नव्या थिएटरच्या दारात एक दगडी पाटी लावलीय. तिच्यावर लिहिलंय की मूळ वास्तूत नैसर्गिक ध्वनीची सोय अपुरी होती, ती नूतनीकरणात आधुनिक पद्धतीने करण्यात आली. अपुरी म्हणे. ज्यांनी हे कोरून घेतलं त्यांतल्या निम्म्यांनी लहानपणी त्याच थिएटरात शेवटच्या रांगेत बसून नाटकं बघितली आहेत, आणि स्टेजवरच्या माणसाने चहाचा कप बशीत ठेवला तर तो आवाजसुद्धा ऐकलाय. आता तेच पाटीखाली उभे राहून फोटो काढतात. पाटी वाचली की माझ्या डोक्यात तिडीक जाते, म्हणून हल्ली मी मागच्या गेटाने आत जातो.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रत्नागिरीच्या भर बाजारपेठेत, एका बाजूला भांड्यांची दुकानं आणि दुसऱ्या बाजूला कापडाची, त्यांच्या मध्ये ते उभं होतं. चिऱ्याच्या जाड भिंती, आतून चुन्याचा गिलावा, वर फणसाच्या फळ्यांचं छत. स्टेज लाकडाचं, खाली पोकळ. त्याच्या फळ्या बसवल्या होत्या होड्या बांधणाऱ्या एका मिस्त्रीने, कारण सुताराने बसवलेल्या फळ्या पावसाळ्यात फुगून वर यायच्या. मिस्त्रीने त्या होडीच्या डेकसारख्या बसवल्या, त्या पुन्हा कधी हलल्या नाहीत. स्टेजखाली मडकी पुरलीत, त्यामुळे आवाज घुमतो, असं गावात सगळे छातीठोकपणे सांगायचे. पाडकामात मडकी-बिडकी काही निघाली नाहीत. फक्त चांगलं काम निघालं.

गावातलं सगळं तिथेच व्हायचं. शाळांची स्नेहसंमेलनं, भजनाच्या स्पर्धा, व्याख्यानं, मोठा माणूस गेला की शोकसभा. हौशी नाटकांच्या स्पर्धेला खेडपासून राजापूरपर्यंतची मंडळं यायची, टेम्पोत नेपथ्य बांधून. खेड्यापाड्यांतली माणसं दुपारच्या एसटीने येऊन नाटक बघायची आणि उभ्या उभ्या भजी खाऊन शेवटच्या एसटीने परत जायची. नाटे गावातल्या एका मच्छीमार कुटुंबाची चार खुर्च्यांची जागा तर इतकी ठरलेली होती की तिथे दुसरं कोणी बसलं तर डोअरकीपर उठवायचा. कोणी त्यांना ती जागा दिली नव्हती. ते यायचेच एवढ्या नेमाने.

आता माझं. मी आंब्याचा बागायतदार. नट नाही. तरुणपणी एकदा काम करून बघितलं, तेव्हा आमच्या मंडळाच्या दिग्दर्शकाने पहिल्याच तालमीत सांगितलं, तू उभा छान राहतोस, फक्त बोलू नकोस. मग मला मागच्या रांगेचं काम मिळालं. आमच्या मंडळात ती पद्धत होती. नाटकाच्या आधीच्या शेवटच्या तालमीला एकाने थिएटरात शेवटच्या रांगेत, स्टेजकडे पाठ करून बसायचं. पाठ अशासाठी की ओठ दिसले तर कान आळशी होतात, न ऐकलेलं ऐकल्यासारखं वाटतं. त्याने फक्त ऐकायचं, आणि शब्द पोचला नाही तर हात वर करायचा. बाकी एक अक्षर बोलायचं नाही. हात वर झाला की स्टेजवरच्याने, मग तो कितीही मोठा नट असो, वाक्य परत म्हणायचं.

आणि हात खूप वर व्हायचा. आम्हा रत्नागिरीकरांना वाक्याला हेल द्यायची खोड. हेल जातो वर आणि क्रियापद पडतं खाली. बाजारात चालतं ते, कारण समोरच्याला अर्धं वाक्य ऐकूनच सगळं कळलेलं असतं. स्टेजवर चालत नाही. तीस वर्षं मी गावातल्या नटांची क्रियापदं उचलली. सासऱ्याचं काम करणाऱ्या पोस्टमनला एका वाक्यासाठी सात वेळा परत म्हणायला लावलं, तेव्हा तो विंगेतून ओरडला होता की याला घरी काही कामधंदा नाही का. होता कामधंदा. पण मी उठलो नाही. सांगायचं एवढंच की त्या तीस वर्षांत मी खोटा हात वर केला नाही, आणि वर करायचा तो खालीही ठेवला नाही. माझा तेवढाच काय तो लौकिक.

या पद्धतीत एकच माणूस असं होतं की ज्याच्यासाठी माझा हात कधी वर झाला नाही. माझी थोरली बहीण. आम्ही तिला ताई म्हणतो, गावही तिला ताईच म्हणतं. शाळेत मराठी शिकवायची, संध्याकाळी तालमीला यायची. तिचा आवाज काही मोठा नव्हता, पण प्रत्येक शब्द धुऊन पुसून बाहेर यायचा. परीक्षक विचारायचे, बाई कुठे शिकलात. ती म्हणायची, सातवी ब च्या वर्गात, पंखा चालू असताना.

सहा वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉईडची गाठ होती, काढावीच लागणार होती. आवाजावर परिणाम होऊ शकतो हे डॉक्टरने आधीच सांगितलं होतं, आणि झाला. चार महिने ती पाटी-पेन्सिल घेऊन फिरत होती. मग आवाज परत आला, पण अर्धाच. बारीक, दोऱ्यासारखा. स्वच्छ होता अजून, पण जोर लावला की फाटायचा. जोर लावायचा नाही, अशी डॉक्टरची ताकीद. माइक लावून बघितला एका लग्नाच्या कार्यक्रमात, तर माइकमधून शब्दांआधी श्वासच यायचा. फुस्स करून. तिने माइक खाली ठेवला आणि नंतर कित्येक दिवस कुठे बोलायला उभी राहिली नाही.

मग एका दुपारी ती मला म्हणाली, चल जरा थिएटरात. वॉचमन ओळखीचा, त्याने दार उघडून दिलं. रिकामं थिएटर, एकच दिवा. ती स्टेजवर गेली, मी नेहमीसारखा शेवटच्या रांगेत पाठ करून बसलो. ती बोलली. कुठल्याशा जुन्या नाटकातलं स्वगत होतं, तेही तिने कुजबुजल्यासारखंच म्हटलं. आणि माझ्या मानेमागे, जणू ती मागच्या खुर्चीत बसलीय, असं सगळं ऐकू आलं. शेवटच्या शब्दापर्यंत. क्रियापदासकट.

मी उठून वळलो. ती तिथूनच म्हणाली, "पोचतंय का रे?" मी मान हलवली. मग तिने स्टेजच्या कडेवर बसून पाय खाली सोडले आणि म्हणाली, "म्हणजे मला काम करता येईल. दुसरीकडे नाही. इथे करता येईल." आमच्या मंडळातल्या एकाने नवं नाटक लिहायला घेतलं होतं, त्यात एका म्हाताऱ्या सुईणीचं काम होतं. सुईण काही ओरडत नाही, ती हळूच बोलते. ताईने ते काम मागून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मागून घेतलं. पाठांतर सुरू झालं, आणि त्याच सुमारास थिएटर नूतनीकरणासाठी बंद होणार अशी बातमी आली. ती म्हणाली, हरकत नाही, उघडलं की पहिलं माझं काम करू.

आता मला जे सांगायचं नाही ते सांगतो, कारण ते गाळलं तर पाटी लावणाऱ्यांत आणि माझ्यात फरक राहत नाही.

थिएटर एप्रिलमध्ये बंद झालं. खुर्च्या काढून नेल्या, हॉल नुसता मोकळा. काम पावसाळ्यानंतर सुरू व्हायचं होतं. मे महिन्यात एका दुपारी असा वारा आला की माझ्या पॅकिंगच्या शेडचे पत्रे उडून शेजाऱ्याच्या कातळावर जाऊन पडले. आत आंबा. काही पेट्यांत भरलेला, काही अढीत, म्हणजे पेंढ्यावर पिकत घातलेला. आकाश भरून आलेलं. अढीतला आंबा भिजला तर संपला. मी थिएटरच्या समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. ते स्वतः बागायतदार. म्हणाले, "ठेवा की थिएटरात. रिकामंच तर आहे." संध्याकाळपर्यंत माझा सगळा माल आत. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्याही पेट्या आल्या, कारण त्यांच्या गोडाऊनलाही गळती होती, निदान ते तसं म्हणाले. तिसऱ्या दिवशी आणखी चौघे आले. आम्ही हॉलभर पेंढा पसरला, स्टेजवर अढ्या घातल्या, भिंतींना लागून पुरुषभर उंचीपर्यंत पेट्या रचल्या. ताईसुद्धा येऊन बसायची, पिकलेला आंबा निवडून बाजूला काढायला. आम्ही थट्टा करायचो की या सीझनला हाऊसफुल्ल आहे.

आणि त्याच आठवड्यात मुंबईहून तो तज्ज्ञ आला. ध्वनीचा. समितीने त्याला बोलावलं होतं मोजमाप घ्यायला, आणि बोलावल्याचं अध्यक्ष विसरले होते. माणूस सभ्य होता, घाईत होता, त्याला त्याच दिवशी परत जायचं होतं. दारातून आत आला आणि थबकला. विचारलं, हे काय आहे. अध्यक्ष म्हणाले, आंबा. किती वेळात काढता येईल. अध्यक्ष म्हणाले, दोन दिवस तरी. त्याने पेट्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "चालेल. प्रेक्षक बसलेत असं धरू."

प्रेक्षक बसलेत असं धरू. हे वाक्य आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अहो, प्रेक्षक काय पेंढ्यात गुंडाळून येतो? पुरुषभर उंच रचून भिंतीला टेकवता येतो त्याला? प्रेक्षक स्टेजवर आडवा पडून पिकत असतो? पण तो म्हणाला, आणि अध्यक्षांनी मान डोलावली, आणि पाच बागायतदारांनी मान डोलावली. त्यांतला एक मी.

त्याने स्टँडवर यंत्र लावलं, फुगे फुगवले आणि एकेक करून टाचणीने फोडले. मी तिथेच उभा होतो. तीस वर्षं ज्या हॉलमध्ये मी बशीचा आवाज ऐकला, तिथे फुगा फुटला तो गोधडीखाली फुटल्यासारखा. धप. पुढे काही नाही. मला तेव्हाच कळलं. तोंड उघडायचं, एवढंच करायचं होतं. साहेब, हे थिएटर असं नाही, हा पेंढा खातोय आवाज, आठ दिवसांनी या, असं म्हणायचं होतं. पण आठ दिवस म्हणजे पेट्या बाहेर काढण्याची बात, आणि बाहेर आभाळ गडगडत होतं. पिकायला आलेली अढी हलवली की डाग पडतात. मी मूग गिळून बसलो. मला वाटलं, यंत्र आहे, त्याला कळत असेल. हे मी स्वतःला सांगितलं, आणि त्यावर विश्वास ठेवल्यासारखं केलं.

पावसाळ्यात अहवाल आला. मूळ वास्तूत आवाज मरतो, छत आणि भिंती जपण्यासारख्या नाहीत, ध्वनिक्षेपणाची संपूर्ण नवी यंत्रणा बसवावी. समितीत तो वाचला गेला. गावातले शहाणे, ज्यांनी जन्म त्या हॉलमध्ये काढला, ते म्हणाले, असं होय, आपल्याला वाटायचं चांगलं ऐकू येतं. स्वतःच्या कानांपेक्षा कागदावर विश्वास ठेवायची ही जी आमच्याकडची हौस आहे ना, तिला तोड नाही. एकानेही विचारलं नाही की मग इतकी वर्षं आम्ही काय ऐकत होतो.

छताच्या फळ्या काढायला माणसं चढली तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी अध्यक्षांच्या घरी गेलो. म्हटलं, अहो, ते मोजमाप चुकीचं आहे, तेव्हा आत पेट्या होत्या. ते ओटीवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, आत स्वयंपाकघराकडे बघितलं आणि म्हणाले, "हळू बोला. पेट्या माझ्याही होत्या."

"म्हणून काय थिएटर पाडायचं?"

"पाडतंय कोण? सुधारतोय. आणि आता हे बाहेर आलं तर पेपरात काय येईल, विचार केलाय? नाट्यमंदिरात आंब्याचा धंदा. तुमचं नाव पहिलं येईल, पहिल्या तुमच्याच पेट्या होत्या. चहा घेणार ना?"

मी चहा घेतला. हेही लिहून ठेवतो. घेतला चहा, आणि घरी आलो. त्या माणसावर मी आजवर गावभर तोंडसुख घेतलंय, पण त्या दिवशी त्याने मला धमकावलंसुद्धा नव्हतं. त्याने फक्त साखर किती विचारली.

फणसाच्या फळ्या कुठल्याशा रिसॉर्टवाल्याने नेल्या. स्टेजच्या फळ्या उपटताना आवाज असा येत होता की भांड्यांच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघत होती. होड्यांच्या त्या मिस्त्रीचा मुलगा आला होता, तोही आता म्हातारा. त्याने एक फळी हातात घेऊन तिची कड चाचपली आणि निघून गेला. मिरजोळ्याकडच्या कारखान्यांतल्या एका गाळ्यातून छताची पॅनलं आली, पांढरी, हलकी, हाताने मोडतील अशी. भिंतींना मऊ कापडाच्या गाद्या. खाली गालिचा. स्टेजवर काळं रबर. आणि चारी बाजूंना स्पीकर. मेलेला आवाज जिवंत करायला आलेल्यांनी आधी जिवंत होता तो नीट मारला, आणि मग त्याच्यावर यंत्रं बसवली.

दोन वर्षांनी उद्घाटन झालं. लोकांनी गाद्यांवर हात फिरवून बघितला, खुर्चीला बाटली ठेवायची जागा आहे म्हणून कौतुक केलं. सगळी भाषणं माइकवर, त्यामुळे कोणाला काही कळायचं कारणच नव्हतं. उद्घाटनाच्या महोत्सवात स्थानिक मंडळांना एकेक प्रयोग दिला होता. आमचा रविवारी दुपारी साडेचारचा. सुईणीचं नाटक. ताईने दोन वर्षं ते काम घरात, अंगणात, तांदूळ निवडताना म्हटलं होतं. तिच्या नातीलासुद्धा सगळं पाठ झालं होतं.

आदल्या दिवशी सकाळी आम्हाला तालमीला हॉल मिळाला. माइकवाल्याने विचारलं, बाईंना लावू का. ती म्हणाली, "मला नको. आधी मागे कोणी बसू दे." आणि माझ्याकडे बघितलं.

नव्या खुर्च्यांच्या पाठी इतक्या उंच की पाठ करून बसताच येत नाही. मी शेवटच्या रांगेमागे भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. नाकासमोर ती कापडाची गादी. एसीची घरघर चालू होती. मी वाट बघत होतो ती सुरू कधी करते याची. बराच वेळ गेला. मला वाटलं, पदर खोचत असेल, पाणी पीत असेल. मग एसीमागून काहीतरी लागलं कानाला, शब्द नाही, नुसता बारीक चरा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचं अर्धं स्वगत संपलंय.

हात वर करायचा होता. माझं काम ते. तीस वर्षं केलेलं, परक्या पोरांनासुद्धा न सोडलेलं. मी हात वर केला नाही. डोळ्यांसमोर पेट्या आल्या, तो फुगा आला, ओटीवरचा चहा आला. मला वाटलं, आज हात वर केला तर ती विचारेल, आधी पोचत होतं ते आता का नाही, आणि मग मला सांगावं लागेल. आताही खोटं कारण देत नाही. दया वगैरे काही नव्हती ती. भीती होती.

शेवटी मी वळलो. ती स्टेजच्या टोकाला येऊन उभी होती, तिचे ओठ हलले, भुवया वर गेल्या. काय विचारलं ते मला ऐकूसुद्धा आलं नाही. चेहऱ्यावरून कळलं. मी ओरडून म्हटलं, "पोचलं." ती हसली. केवढी हसली.

रविवारी हॉल भरला होता. खेड्यांतली माणसं एसटीने आली होती. पडदा उघडला, पहिली दहा मिनिटं इतरांची, ते सगळे माइकवर. मग ताई आली. तिने पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं म्हटलं. आणि बाल्कनीतून एक जण म्हणाला, "आवाज."

नाटक बघणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. आमच्याकडे प्रेक्षक ऐकू आलं नाही की एवढंच म्हणतो. त्यात राग नसतो. पण त्या थिएटरात ताईला हे कोणी कधी म्हटलं नव्हतं. तिने ऐकलं. थांबली. तिला वाटलं असावं की दुसऱ्या कोणाला म्हणतायत, कारण तिने शांतपणे तेच वाक्य परत म्हटलं, तसंच, हळू. आता खालूनही दोघं-तिघं म्हणाले, "आवाज, आवाज." मग तिने जोर लावला. जो लावायचा नव्हता तो. आवाज वर गेला आणि मध्येच फाटला, मागून कोणीतरी हसलं, आणि त्या हसणाऱ्याला शेजारच्याने गप्प केलं. ते गप्प करणं मला जास्त लागलं. तिने पहिला अंक तसाच रेटला. एकही वाक्य गाळलं नाही.

मध्यंतरात मी आत गेलो तर अध्यक्ष माइकवाल्याला घेऊन आधीच पोचले होते. म्हणत होते, बाई, हट्ट करू नका, एवढी यंत्रणा कशाला बसवलीय. तिने मान वर केली आणि माइक पदराला लावून घेतला. दुसऱ्या अंकात ती सगळ्यांना ऐकू आली. प्रत्येक वाक्याआधी चारी स्पीकरमधून तिचा श्वास यायचा, हॉलभर, दम लागलेल्या माणसासारखा, आणि मग शब्द. शेवटी टाळ्या जोरात वाजल्या. बाहेर पडताना लोक म्हणत होते, वयाच्या मानाने छान केलं हो बाईंनी.

मेकअपच्या खोलीतून सगळे गेले तशी ती एकटीच राहिली, खोबरेल लावून चेहऱ्याचा रंग पुसत. मी दार लावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. फुगे, अहवाल, अध्यक्षांची ओटी. म्हटलं, ताई, तुझा आवाज गेला नाही, थिएटर गेलं, आणि ते माझ्या पेट्यांनी गेलं. मला वाटत होतं ती चिडेल. चिडावी असंच मला वाटत होतं. गावात कोणीच कोणावर चिडलं नव्हतं या प्रकरणात, निदान तिने तरी चिडावं.

तिने कापूस बाजूला ठेवला. आवाज आता पार बसला होता, मला वाकून ऐकावं लागलं.

"पेट्यांचं काय सांगतोस? आंबा निवडायला मी नव्हते का तिथे. ठेवला नसतास तर सडला असता, मीही ठेवलाच असता." मग म्हणाली, "काल तुला ऐकू आलं नाही ना?"

मी मान हलवली.

"डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं, ते सोसलं की नाही मी? तू सांगितलं असतंस तर मी काल दुपारीच घरी गेले असते. काम दुसरीला दिलं असतं. रडले असते घरी जाऊन, पण घरी." तिने पदराची पिन काढली. "तुझ्या एकट्याकडून ऐकायचं होतं मला. ते तू भरल्या हॉलकडून ऐकवलंस."

मी म्हटलं, चल, घरी सोडतो. गाडी खाली लावलीय.

ती म्हणाली, नको. मागच्या जिन्याने उतरली, रस्त्यावर उभी राहिली आणि तिने रिक्षाला हात केला. रिक्षावाल्याने बाहेर डोकावून दोनदा विचारलं, कुठे जायचंय म्हणून. त्याला ऐकू येत नव्हतं. मी पाच पावलांवर होतो. मी पुढे होऊन पत्ता सांगायला लागलो, तर तिने हाताने मला थांबवलं, रिक्षात वाकली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन स्वतः सांगितलं.